चोवीस वाजून चाळीस मिनिटांची गाडी

वेळमास्तरांनी जेवणाच्या टेबलावर युरोपचा नकाशा अंथरला, त्या दिवसापासून घरात ताटं मांडीवर आली. घरात माणसं दोनच, मास्तर आणि मास्तरीणबाई. पण नकाशाला कोपरे चार, आणि चारही कोपरे गुंडाळी व्हायला टपलेले. म्हणून एका कोपऱ्यावर मिठाची बरणी बसली, दुसऱ्यावर औषधांचा डबा, तिसऱ्यावर इस्त्री. चौथ्यावर मास्तरांचं डावं कोपर. कोपर उठलं की युरोप एका अंगाने गुंडाळत यायचा आणि बरणीपाशी येऊन थांबायचा. "मीठ कुठंय?" असं विचारलं की "उत्तरेला" असं उत्तर मिळू लागलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो, मी आळणी खाईन एक वेळ, पण मला दिशा सांगू नका."

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. जन्मात त्यांनी कुणाच्या पोराला पाढा शिकवला नव्हता. शहराच्या बस डेपोत एकतीस वर्षं त्यांनी गाड्यांचं वेळापत्रक बांधलं. कुठली बस कुठल्या मिनिटाला फाटकाबाहेर पडेल, कुठला चालक कुठल्या थांब्यावर पाणी पिईल आणि ते किती घोटांत संपवेल, हे सगळं त्यांच्या पेन्सिलीतून उतरायचं. चालक-वाहकांनी त्यांना वेळमास्तर म्हणायला सुरुवात केली आणि निवृत्तीच्या दिवशी खुर्ची, किल्ली, शिक्का सगळं डेपोत जमा झालं तरी नाव तेवढं त्यांच्याबरोबर घरी आलं. बाई पोस्टातल्या. खिडकीच्या आतल्या बाजूला बावीस वर्षं बसलेल्या. तरीही सगळी इमारत त्यांना मास्तरीणबाईच म्हणे, कारण नवऱ्याचं टोपणनाव बायकोला आडनावासारखं लागू होतं.

आता निवृत्त माणसाने युरोपला जायचं तर सहल कंपनी असते, बस असते, बसपुढे छत्री उंच धरून चालणारा माणूस असतो. त्या छत्रीमागे तीनदा जाऊन आलेले एक गृहस्थ नात्यातच होते. बाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे मास्तरांचे साडू. साडूंनी यंदा चौथ्यांदा जायचं ठरवलं होतं आणि त्याच बसमध्ये दोन जागा मेहुणीच्या नावे धरून ठेवल्या होत्या.

इथे मास्तरांचं दुखणं सांगायला हवं, म्हणजे पुढचं सगळं कळेल. जगाला सुट्टी असली की डेपोला जादा गाड्या सोडाव्या लागतात. जग जितकं मोकळं, तितके मास्तर बांधलेले. त्यामुळे एकतीस वर्षांत बाई जिथे जिथे गेल्या, तिथे ताई आणि साडूंबरोबर गेल्या. घरातल्या भिंतीवर ओळीने फोटो होते. डोंगरासमोर बाई, ताई आणि साडू. समुद्रासमोर ताई, साडू आणि बाई. धबधब्यासमोर बाई, ताई आणि साडूंचा अंगठा. मास्तर एकाच फोटोत होते, निवृत्तीच्या, आणि त्यात बाई नव्हत्या, कारण तो काढला तेव्हा त्या साडूंच्या गाडीतून समारंभाला यायला निघाल्या होत्या आणि वाटेत अडकल्या होत्या.

"एवढी वर्षं गाड्यांची जोडणी केली मी," मास्तर म्हणाले, "आणि आता माझ्याच बायकोला मी छत्रीमागे चालवू? आपण आपलं जाऊ. आगगाडीने जाऊ, मधे मोटार भाड्याने घेऊ. दोघंच."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पोस्टात एखादं फार मोठं पार्सल खिडकीतून आत येऊ बघायचं, तेव्हा त्या अशाच पाहायच्या.

"जमवा," त्या म्हणाल्या. "जमलं तर तुमच्याबरोबर येईन. नाही जमलं तर ताईबरोबर जाईन. पण या वर्षी मी जाणार. भाऊजींनी जागा व्हिसाच्या तारखेपर्यंत धरल्या आहेत. त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना हो किंवा नाही सांगेन."

झालं. मास्तरांनी पेन्सिलीला टोक काढलं.

सतरा दिवस, नऊ गावं, अकरा आगगाड्या आणि मधले चार दिवस मोटार, असा तक्ता तयार झाला. गावांची परदेशी नावं मास्तरांच्या जिभेवर ठरेनात, तेव्हा त्यांनी आपली नावं ठेवली. तळ्याचं गाव, पुलांचं गाव, घड्याळाचं गाव, डोंगरतळ. तक्त्यात प्रत्येक पंधरा मिनिटांना एक चौकट होती आणि एकही चौकट रिकामी नव्हती. 'तळ्याकाठी बसणे' याला वीस मिनिटं दिली होती. 'तळ्याकडे पाहणे' ही चौकट वेगळी.

"बसल्यावर पाहता येणार नाही का?" बाईंनी विचारलं.

"बसताना गुडघे सांभाळायचे असतात. लक्ष दोन ठिकाणी नको."

ही बातमी इमारतीत फुटली आणि मग सल्ल्यांना काय तोटा. खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहत, दवाखानाही तिथेच. ते कधी परदेशी गेले नव्हते, पण त्यांच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेली माणसं जाऊन आलेली होती, आणि तेवढ्या अनुभवावर ते म्हणाले, "मास्तर, तिकडे गाड्या बदलायला वेळ फार कमी देतात. तुमच्या तक्त्यात पुलांच्या गावाला सहाच मिनिटं दिसतात. बॅगांसकट जमेल?"

वरच्या मजल्यावरच्या विमेवाल्यांनी विमा सुचवला. त्यांना कुठलंही वाक्य सांगा, त्याच्या शेवटी ते विमाच लावत.

पण डॉक्टरांचे शब्द मास्तरांच्या काळजात दाढेसारखे ठणकू लागले. डेपोत चालक बदलायला चार मिनिटं पुरत, तर इथे सहा का पुरू नयेत? वादाने सुटणारा प्रश्न नव्हता हा. मास्तरांनी रंगीत तालीम ठरवली. तिसरा मजला म्हणजे एक नंबरचा फलाट. इमारतीचं फाटक म्हणजे सात नंबरचा. दोन मोठ्या बॅगा, एक हातातली, पाठीवर एक. बॅगा रिकाम्या नकोत म्हणून त्यांत जुन्या वह्या आणि दोन उशा भरल्या. सकाळी नऊ वाजून दहाला मास्तरांनी घड्याळाचं बटण दाबलं आणि "चल" म्हणाले.

पहिल्या खेपेला नऊ मिनिटं लागली. दुसऱ्या खेपेला साडेआठ. तिसऱ्या खेपेला बाई पुढे आणि मास्तर मागे, "लवकर निघ, लवकर निघ" म्हणत जिने उतरले, तेव्हा प्रत्येक मजल्यावरचं दार थोडं थोडं उघडं होतं. फाटकाशी दातांचे डॉक्टर हातमोज्यांसकट उभे होते. आत खुर्चीत पेशंट आ वासून राहिला होता. प्रवासाला अजून अवकाश होता, तेव्हा या बॅगा घरातल्या भांडणाच्याच, असं सगळ्या इमारतीने धरलं होतं.

"मास्तरीणबाई," डॉक्टर हळूच म्हणाले, "या वयात असं घर सोडून जायचं नसतं. आणि मास्तर, तुम्हीसुद्धा. घालवून देताना निदान बॅग तरी हातात घ्या त्यांची."

"बॅग तिच्याच हातात हवी," मास्तर धापा टाकत म्हणाले. "पुढे दीड मिनिट वाचतं."

हे उत्तर इमारतीत आठवडाभर फिरलं. विमेवाल्यांची बायको एका दुपारी येऊन बाईंचा हात हातात घेऊन नुसती बसली आणि जाताना म्हणाली, "काही लागलं तर वर या. दार उघडंच असतं." बाईंनी खुलासा केला नाही. त्या म्हणाल्या, बावीस वर्षांत एवढी माया खिडकीतून कधी आत आली नव्हती, आलीच आहे तर असू दे थोडे दिवस.

मग मोटारीचं घोडं अडलं. परदेशात गाडी चालवायची तर इथल्या परवान्यावरून तिथे चालणारा परवाना काढावा लागतो. मास्तरांनी आपला परवाना कपाटातल्या लोखंडी पेटीतून काढला, खिशात घातला आणि परवान्याच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने तो उजेडात धरला, उलटा करून पाहिला आणि परत दिला.

"संपलाय."

"कधी?"

"सहा वर्षं झाली."

एक बस चार मिनिटं उशिरा सुटली तर ज्यांचं जेवण जात नसे, त्या माणसाचा परवाना सहा वर्षांपूर्वी सुटून गेला होता आणि त्यांना पत्ता नव्हता. मास्तरांचे कान लाल झाले. कारकून सवयीने पुढे बोलत राहिला: वय झालंय, डॉक्टरचा दाखला लागेल, चाचणी द्यावी लागेल.

दाखला दातांच्या डॉक्टरांनी आनंदाने दिला. आपल्या बोलण्याचं त्यांना मागाहून वाईट वाटलं होतं. गुळगुळीत कागदावर त्यांनी लिहिलं की सदर गृहस्थ पूर्णपणे निरोगी आहेत, खालची उजवी अक्कलदाढ सोडून. कारकुनाने ते वाचलं.

"हे दातांचे डॉक्टर आहेत."

"डॉक्टर आहेत ना?"

"तुम्ही गाडी दातांनी चालवणार का?"

मागची सगळी रांग हसली. मास्तर हसले नाहीत. हसणाऱ्या रांगेकडे पाठ करून उभं राहणं हे काम किती अवघड असतं, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दाखल्यानंतर चाचणीचा दिवस आला. वेळ साडेदहाची. दहा सत्तावीसला तपासनीस शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "घ्या पुढे."

"तीन मिनिटं आहेत अजून," मास्तर म्हणाले.

तपासनिसाने कागदावर काहीतरी लिहिलं. साडेदहाच्या ठोक्याला गाडी हलली. मैदानात वळणावळणाने खांब रोवले होते. पहिल्या खांबाशी मास्तर थांबले. मग निघाले. दुसऱ्या खांबाशी थांबले. तिसऱ्याशी थांबले तेव्हा तपासनीस म्हणाला, "थांबता कशाला?"

 एकतीस वर्षं मास्तरांच्या डोक्यात गाडी खांबाशी थांबत आली होती. तिथे कुणी ना कुणी उभं असायचं. ते एवढंच म्हणाले, "खांब आला."

तपासनिसाने कागद दुमडला. सहा महिन्यांनी पुन्हा या, असं त्यावर होतं.

त्या संध्याकाळी मास्तर नकाशासमोर बसले, पण कोपर टेकलं नाही. नकाशा गुंडाळत गेला तरी त्यांनी धरला नाही. बाई वाळलेले कपडे घेऊन आल्या, घडी घालता घालता म्हणाल्या, "माझा आहे की परवाना."

"तुझा? तू कधी चालवलीस?"

"भाऊजींना गाडीत झोप लागते. तीस वर्षं त्या सगळ्या सहलींना गाडी मीच चालवते आहे."

मास्तरांनी भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिलं. डोंगर, समुद्र, धबधबा. या सगळ्यांपर्यंत बायकोने गाडी चालवत नेली होती.

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलंत का, गाडी कोण चालवतं म्हणून? तुम्ही विचारायचात, किती वाजता पोचलात."

 मास्तरांनी खोडरबर घेतलं, तक्त्यात 'चालक' या शब्दापुढचं स्वतःचं नाव खोडलं आणि तिथे बाईंचं लिहिलं. स्वतःला 'वाहक' केलं. अक्षर नेहमीपेक्षा बारीक आलं, पण आलं.

आता तिकडे गाडी रस्त्याच्या उलट्या अंगाने चालते आणि चक्रही उलट्या बाजूला असतं. याची सवय व्हावी म्हणून मास्तरांनी जेवणाच्या दोन खुर्च्या भिंतीकडे तोंड करून मांडल्या. डावीकडच्या खुर्चीत बाई, हातात मोठ्या पातेल्यावरचं झाकण. उजवीकडे मास्तर, मांडीवर नकाशा. "उजवं वळण," ते सांगत, आणि बाई झाकण फिरवत. "चौकात गोल फिरायचं आहे, तिसऱ्या फाट्याने बाहेर," की बाई झाकणासकट खुर्चीतच अर्ध्या वळत. नेमके याच वेळी साडू आले. दार उघडंच होतं. त्यांनी पाहिलं, मेहुणी भिंतीकडे तोंड करून झाकण फिरवते आहे आणि मास्तर तिला घोगऱ्या आवाजात सांगताहेत, "वेग कमी कर, समोर गाव आलं."

साडू तसेच दारात उभे राहिले. "किती दिवस चाललंय हे?" त्यांनी आजाऱ्याच्या घरी विचारतात तशा आवाजात विचारलं.

"आज चौथा," बाई म्हणाल्या. "थांबा भाऊजी, एवढं गाव जाऊ दे."

गाव गेल्यावर साडू बसले. त्यांच्या बोलण्यात कायम गरम पाण्याची किटली, आपल्या चवीचं जेवण आणि आपली माणसं असत. "मास्तर, हट्ट कशाला? आमच्या बसमध्ये तुम्हालाही जागा आहे. सगळं ते बघतात. तुम्ही फक्त मोजणी सुरू झाली की हात वर करायचा."

"मोजून घ्यायला मी काय मेंढरू आहे?" मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. "आमची तिकिटं काढून झाली आहेत. परत न घेण्याच्या अटीवर."

खरोखरच झाली होती. अकराही गाड्यांची. त्यात मास्तरांचा सगळ्यात लाडका तुकडा होता तो तळ्याच्या गावाहून डोंगरतळाला जाणारा. दिवस प्रवासात फुकट जाऊ नये म्हणून त्यांनी झोपून जायची गाडी निवडली होती. रात्री शून्य वाजून चाळीसची. तक्त्यात मात्र त्यांनी तिची वेळ डेपोच्या रीतीने लिहिली: बारा तारीख, २४.४०.

"हे चोवीस चाळीस कुठलं घड्याळ?" बाईंनी विचारलं होतं.

"आमचं. डेपोचा दिवस बाराला संपत नाही. शेवटची गाडी आत येते, तिचं इंजिन निवतं, तेव्हा संपतो. मंगळवारची शेवटची फेरी एकला आली तरी ती मंगळवारचीच. बुधवारच्या माथी कशाला मारायची?"

बाईंना हे आवडलं होतं. दिवस थकून घरी येतो आणि मगच संपतो, हा न्याय त्यांना माणसांसारखा वाटला. उशांना अभ्रे घालता घालता त्या स्वतःशीच ओवी जुळवत गुणगुणल्या:

घरधनी माझे बाई, वेळ टाचती सुईनं,
सूर्य उंबऱ्याशी उभा, 'येऊ?' पुसतो भीतीनं.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. तुमचं कौतुक."

व्हिसाच्या दिवशी दोघं अर्धा तास आधी पोचली. मोठं दालन, रांगेने काचेच्या खिडक्या, वर लाल आकडे बदलणारी पाटी, आणि खुर्च्यांवर मांडीत कागद घेऊन बसलेली माणसं. सगळ्यांचे चेहरे परीक्षेला बसल्यासारखे. मास्तरांची मात्र मान ताठ होती. त्यांच्या मांडीवरच्या गठ्ठ्याला रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या होत्या आणि सगळ्यात वर तक्ता. नंबर लागला तेव्हा घड्याळात बारा वाजून दहा झाले होते. खिडकी एकला बंद व्हायची.

काचेमागे एक मुलगी होती. तिने तक्ता पाहिला आणि तिच्या भुवया वर गेल्या. "हे तुम्ही केलंत?"

"मीच," मास्तर म्हणाले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी जाणकार भेटलं होतं.

मुलगी तिकिटं एकेक करून हॉटेलांच्या कागदांशी जुळवू लागली. तिचं पेन भराभर खाली उतरत होतं. मग थांबलं. वर गेलं. पुन्हा खाली आलं आणि थांबलं.

"काका, अकराच्या रात्री तुम्ही दोन ठिकाणी आहात."

"असं कसं होईल?"

"तळ्याजवळच्या हॉटेलात झोपलाही आहात आणि आगगाडीतही आहात. आणि बाराच्या रात्री तुम्ही कुठेच नाही."

"बाराच्या रात्री आम्ही गाडीत आहोत. चोवीस चाळीसची."

"तिकिटावर बारा तारीख, शून्य चाळीस आहे. म्हणजे अकरा तारीख संपल्यावर चाळीस मिनिटांनी. बाराच्या रात्री जेव्हा तुम्ही स्टेशनवर जाल, तेव्हा ती गाडी आदल्या रात्रीच गेलेली असेल."

मास्तरांनी तोंड उघडलं. डेपो, शेवटची फेरी, निवणारं इंजिन, सगळं ओठांपर्यंत आलं आणि काचेवर आपटून खाली बसलं. जगातल्या सगळ्या आगगाड्या मध्यरात्रीच्या ठोक्याला दिवस बदलतात. हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते त्यांना माहीत होतं, जसं आपल्या घराचा पत्ता आपल्याला माहीत असतो, आणि तरीही तिकीट काढताना त्यांचा हात सरळ डेपोत गेला होता.

"एका रात्रीची राहायची जागा दाखवल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही," मुलगी म्हणाली. तिचा आवाज काही कठोर नव्हता. "एकच्या आत कागद आणलात तर मी घेते. नाहीतर पुढची तारीख पाच आठवड्यांनी."

निघायचं होतं चार आठवड्यांनी.

मास्तर खिडकीपासून बाजूला झाले. खुर्ची रिकामी होती, तिच्यावर बसले नाहीत. ते म्हणाले, "तू भाऊजींना फोन कर. हो म्हणून सांग."

"आणि तुम्ही?"

"मी राहतो घरी. त्या बसमध्ये मी बसणार नाही. पण तू जा. तू जाणार म्हणाली होतीस, तर जा. मी तुला छत्री नको म्हणत होतो आणि मला साधी तारीख कळली नाही." त्यांनी तक्त्याची घडी घातली. घडी नेमकी बारा तारखेवर पडली, म्हणून उलगडून पुन्हा घातली. "तपासनीस म्हणाला सहा महिन्यांनी या, ते ठीक होतं. गाडी चालवणं माझं काम नव्हतंच कधी. पण हे माझं काम होतं गं."

बाईंनी त्यांच्या हातातून तो तक्ता घेतला, उलगडला आणि डोळ्यांजवळ धरला. सतरा दिवस, पंधरा-पंधरा मिनिटांच्या चौकटी, पाहणे, बसणे, उठणे, पाणी पिणे. त्यावर त्यांनी बोट फिरवत नेलं. बारा तारखेची सकाळ: गाडी आता डोंगरतळाला एक दिवस आधीच पोचणार. तेरा तारखेची सकाळ: मोटार ताब्यात घेणे. दोहोंच्या मधे पूर्ण एक दिवस आणि एक रात्र. त्यांचं बोट तिथे थांबलं.

"म्हणजे इथे आपल्याला काहीच काम नाही?"

"नाही. चूक आहे ती."

"काही बघायचं नाही, कुठे पोचायचं नाही, काही बदलायचं नाही?"

"नाही म्हटलं ना."

"चला," बाई म्हणाल्या. "समोर झेरॉक्सचं दुकान आहे. साडेबारा झालेत."

रस्ता ओलांडताना त्यांनी मास्तरांचं मनगट धरलं होतं. दुकानदाराच्या संगणकावर डोंगरतळाचं नाव टाकल्यावर बारा तारखेला एकच जागा मोकळी निघाली. पाव भाजणाऱ्या एका कुटुंबाच्या दुकानावरची खोली. खिडकी एक, पलंग एक, जिना लाकडी. मास्तरांनी सवयीने विचारलं, "स्टेशनपासून किती मिनिटं?" बाईंनी दुकानदाराला सांगितलं, "ते पाहू नका, नक्की करा."

एकला अकरा मिनिटं असताना दोघं पुन्हा काचेसमोर होती. मुलीने ताजा कागद घेतला, आकडे तपासले, मान डोलावली. मग पेन पुन्हा अडलं.

"या दिवशीचा कार्यक्रम? अर्जाच्या रकान्यात काहीतरी लिहावं लागतं."

मास्तर पुढे सरसावले. डोंगरतळाला एक जुनी वखार होती, एक पूल होता, सव्वातीनला सुटणारी एक नाव होती. पण बाईंनी काचेखालून कागद आपल्याकडे ओढला. खिडकीच्या आतलं माणूस काय वाचून पुढे सरकतं, हे त्यांना बावीस वर्षं ठाऊक होतं. त्यांनी एकच शब्द लिहिला. विश्रांती. मुलीने तो वाचला, शिक्का उचलला, मारला, आणि वरच्या पाटीवर पुढचा आकडा लाल झाला.

पायऱ्या उतरताना बाईंचा फोन वाजला. साडूंचा होता.

"हो भाऊजी. झालं काम. नाही, तुमच्याबरोबर नाही." पलीकडून बराच वेळ किटली आणि आपली माणसं ऐकू येत राहिली. "चूक झाली होती, हो. यांच्याकडूनच झाली. एका रात्रीची." त्या थांबल्या. "नाही, नाही, दुरुस्त नाही केली. ताईला सांगा, माझी जागा कुणाला तरी देऊन टाका."

त्यांनी फोन पिशवीत टाकला. मास्तर दोन पायऱ्या खाली उभे राहून वर पाहत होते.

"एवढी मोठी चूक, आणि तू माझ्याबरोबर येतेस?"

"एकतीस वर्षांत तुमच्या वेळापत्रकातून एक अख्खा दिवस पहिल्यांदाच गळून पडला," बाई म्हणाल्या. "आणि पडला तो माझ्या पदरात. तो सोडून मी बसमध्ये जाऊन हात वर करू?"

 मास्तर तिथेच पायरीवर बसले, तक्ता गुडघ्यावर पसरला आणि बारा तारखेपुढची जुनी नोंद खोडरबराने नीट, कडेपर्यंत साफ केली. कागद पांढरा झाला. त्या पांढऱ्याकडे ते पाहत राहिले, आणि पाहता पाहता हात आपोआप खिशात गेला. पेन्सिल बाहेर आली.

"सकाळी सात पन्नासला उतरू," ते म्हणाले. "मला वाटतं, नुसतं बारीक अक्षरात..."

"एक अक्षर लिहिलंत," बाई त्यांच्याशेजारी टेकत म्हणाल्या, "तर भाऊजींनी अजून जागा सोडली नसेल."

मास्तरांनी पेन्सिल खिशात ठेवली.